घुंगरू पक्ष आणि पडदा पक्ष

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एक घुंगरू पक्ष आणि दुसरा पडदा पक्ष.

घुंगरू पक्षाचे एकमेव सदस्य माझे चुलत सासरे. त्यांना सगळी गल्ली काकाच म्हणते. काठीच्या टोकाला पितळी घुंगरू बांधायचं, गळ पाण्यात सोडायचा, घुंगरू वाजलं तर मासा, नाही वाजलं तर पुढच्या रविवारी या. त्यांचा जाहीरनामा एवढाच. पडदा पक्षाचे नेते माझे धाकटे दीर. नोकरी बंगळुरूला. सुटीत घरी येतात ते बॅगेत चेंडूएवढं सोनार घेऊनच. हा चेंडू पाण्यात फेकला की खाली पाणी किती, तळ कसा आणि मासे कुठल्या खोलीवर हे मोबाइलच्या पडद्यावर दिसायला लागतं. काका म्हणतात, ही चोरी आहे. भाऊजी म्हणतात, काका हट्टी आहेत. दोघांनाही एकच विद्यार्थिनी मिळालेली आहे, ती म्हणजे मी. त्यामुळे माझं मत आपल्याकडे खेचायची दोघांची धडपड चालू असते.

मी मूळची अलिबागची. मासा ताटातला ओळखते, कोळणीच्या टोपलीतला ओळखते, कल्ला उचलून ताजा की शिळा तेही सांगते. पण तो पाण्यातून काढायचं काम आपलं, असं आमच्याकडे कधी कुणाला वाटलं नाही. समुद्राकाठची मी, लग्न होऊन माळव्यात आले आणि इथे पहिल्यांदा गळ हातात धरला. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिथे मासे विकत मिळत नाहीत का गं?"

मिळतात की. पण हा प्रकार मासे खाण्यासाठी नसतोच, हे आईला कसं समजावायचं ते मला अजून कळलेलं नाही.

उज्जैनहून बडनगरच्या बाजूला गेलं की गव्हाच्या शेतांमध्ये एक तलाव लागतो. तो मच्छिमारांच्या सहकारी समितीकडे पट्ट्यावर आहे. काठावर बसायचे ठरलेले पैसे समितीला द्यायचे. मासा घरी न्यायचा असेल तर वजनाचे वेगळे. काका नेत नाहीत. पकडतात, ओल्या हातानं गळ सोडवतात आणि पाण्यात सोडून देतात. १६ जून ते १५ ऑगस्ट मात्र काठीला हातही लागत नाही. हा माशांच्या विणीचा काळ, आणि मध्य प्रदेशात या दिवसांत मासेमारीला बंदी असते. मग दोन महिने घुंगरू देवघराच्या खिडकीत टांगलेलं असतं.

काकांची शिकवणी स्वयंपाकघरातून सुरू होते. कणीक, भाजलेल्या चण्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर मेथीपूड. पुरीच्या कणकेहून घट्ट, शंकरपाळ्यांच्या पिठाहून सैल. सैल झालं तर गळावरून विरघळून जातं, फार घट्ट झालं तर मासा चाखतो आणि थुंकतो. मासा थुंकतो हे मला पहिल्यांदाच कळलं. एकीकडे मळता मळता काका पाठ घेतात. कतला वर, रोहू मध्ये, मृगल तळाशी. मत्स्यशेतीवाले हे तिघं एकाच तलावात सोडतात ते याचसाठी, की तिघांचं जेवण वेगवेगळ्या थरांत. म्हणून आधी कुणाला बोलवायचंय ते ठरवायचं, मग तंगुसावरचं बूच वरखाली सरकवून गळाची खोली बांधायची.

इथवर ठीक होतं. गोंधळ सुरू झाला तो घुंगरापाशी. घुंगरू वाऱ्यानं वाजतं. कासव तंगुसाला घासून गेलं तरी वाजतं. बारकी मासोळी कणीक कुरतडायला लागली की किणकिण चालूच राहते. मी प्रत्येक वेळी उडी मारून काठी धरायची आणि काका डोळे मिटूनच म्हणायचे, "वारा आहे. बस." मग कधीतरी माझ्या कानाला काहीच वेगळं ऐकू आलेलं नसताना ते उठायचे, मनगटाला हलका झटका द्यायचे आणि काठी वाकायची. मी विचारलं, "काका, हे कसं कळलं तुम्हाला?" तर म्हणाले, "आता वाजलं ते वेगळं होतं." वेगळं म्हणजे काय, याचं उत्तर नाही. मुंबईत नोकरीला असताना पवई तलावावर त्यांना हे वेड लागलं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची जुनी संघटना तिथली. तेव्हापासूनची सगळी वर्षं त्या 'वेगळं'मध्ये भरलेली आहेत. ती मला एका हिवाळ्यात कशी देणार?

भाऊजींची शिकवणी चार्जिंगपासून सुरू होते.

चेंडू तंगुसाच्या टोकाला बांधून लांब फेकायचा. तो तरंगत तरंगत खाली ध्वनीचे ठोके पाठवतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहूनही जास्त. सहा मीटर खोल तळावरचा ठोका आठेक सहस्रांश सेकंदात परत. "वहिनी, साधा पाढा आहे बघ," भाऊजी म्हणाले. मी पडद्याकडे बघितलं. निळ्या पाण्याखाली पिवळा-तांबडा तळ, मध्ये ठिपके, कमानी, पट्टे. पाढा कुठे दिसेना.

हळूहळू उलगडलं ते असं. पडद्यावरचं चित्र तलावाचा नकाशा नसतं. अगदी उजवीकडची उभी रेघ म्हणजे आत्ताची, बाकीचं सगळं होऊन गेलेलं; सरकत सरकत डावीकडे निघालेलं. त्यामुळे लांबलचक पट्टा दिसला म्हणजे लांबलचक मासा असं नाही; एखादा वीतभर मासा चेंडूखाली रेंगाळत बसला की त्याचाही पट्टा होतो. मासा आडवा निघून गेला तर कमान उमटते, कारण येताना आणि जाताना तो यंत्रापासून जास्त लांब असतो, मध्ये जवळ. बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर यंत्र बिनदिक्कत माशाचं चित्र काढतं. आणि गंमत म्हणजे पाण्याच्या अगदी वरच्या थरात यंत्र जवळजवळ आंधळं असतं. एकदा पडदा स्वच्छ निळा होता आणि चेंडूपासून हातभर अंतरावर एका थोराड कतल्यानं पाणी फोडून तोंड वर काढलं. काका काहीच बोलले नाहीत, पण ते न बोलणं भाऊजींना चांगलंच ऐकू गेलं.

पडदा पक्षाचा विजय झाला तो बावडीच्या दिवशी. तलावाच्या पूर्वेकडे चेंडू फेकला तेव्हा खोली चार मीटर, चार मीटर, साडेचार अशी येत होती आणि एकदम अकरा झाली. पुन्हा फेकला, पुन्हा अकरा. भाऊजींना वाटलं, यंत्र बिघडलं. समितीचे एक दादा जाळी सुकवत बसले होते, त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "बावड़ी है उधर. पाटीदारों की थी." तलाव बांधला तेव्हा शेतं बुडाली, शेतांबरोबर पायऱ्यांची जुनी विहीरही बुडाली. उन्हाळ्यात पाणी आटलं की मोठे मासे तिच्या तोंडाशी गोळा होतात, हे दादांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. पडद्यावर खरंच त्या काळ्या खड्ड्याच्या कडेला कमानींची दाटी होती.

मी काकांकडे बघितलं. इतकी वर्षं ते याच तलावावर येतात. त्यांना बावडी माहीत होती? "पूर्वेला मासा लागतो एवढं माहीत होतं," ते म्हणाले. का लागतो ते माहीत नव्हतं. दादांना तीन पिढ्यांचं माहीत होतं, काकांना अनुभवानं अर्धं माहीत होतं आणि भाऊजींना दहा मिनिटांत सगळं कळलं. मला तर त्या दिवशी पहिल्यांदा तलावाला तळ आहे, त्यावर शेताचे बांध आहेत, बाभळी आहेत, विहीर आहे, हे जाणवलं. तोवर पाणी म्हणजे माझ्यासाठी नुसता चकाकता पृष्ठभाग होता. खरं सांगायचं तर तो पडदा नसता तर मी एव्हाना काठी ठेवून घरी पोह्यांची तयारी करत बसले असते.

मग सोपं झालं का? गळ बरोब्बर बावडीच्या कडेला सोडला. पडद्यावर मासे गळाच्या आसपास येताना दिसत होते, थांबताना दिसत होते आणि निघून जाताना दिसत होते. दुपारभर. न दिसणारा मासा आला नाही तर माणूस झाडाखाली डुलकी काढतो. दिसणारा मासा आपल्या कणकेकडे बघून पाठ फिरवतो तेव्हा तो अपमान वाटतो. भाऊजींनी आमिष बदललं, खोली बदलली, गळ बदलला. काका म्हणाले, "ऊन उतरू दे." ऊन उतरल्यावर काकांचं घुंगरू वाजलं. तेही बावडीपाशीच, हे भाऊजी दर जेवणाला आठवण करून देतात.

नंतर एक गोष्ट वाचनात आली आणि डोक्यातून जाईना. रोहू, कतला, मृगल ही सगळी मंडळी कार्प कुळातली. या कुळाच्या पोटात हवेचा फुगा असतो आणि त्यापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार बारीक ऐकू येतं. काठावर पाय आपटू नकोस, असं काका ओरडतात ते यासाठीच. आणि सोनारचा ठोका ज्यावर सगळ्यात जोरानं आदळून परत येतो तोसुद्धा हाच हवेचा फुगा. म्हणजे ज्याच्या जोरावर मासा आपली चाहूल घेतो त्यानंच तो आपल्या पडद्यावर उघडा पडतो. आणि सोनारचा आवाज त्याच्या ऐकण्याच्या पल्ल्याच्या कितीतरी वर, त्यामुळे आपल्याला कुणी बघतंय हे त्याला कळतही नाही. काकांच्या 'चोरी' या शब्दात काहीतरी तथ्य आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

पण मग चोरी कुठे सुरू होते? जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र विकायला काढलं १९४८ साली, ते पोट भरणाऱ्या मच्छिमारांसाठी. हौशी गळवाल्यांच्या हातात छोटं सोनार दिलं अमेरिकेत कार्ल लॉरन्सनं, १९५७ साली. इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकर या नामांकित गळवाल्यानं मासा लागल्यावर वाजणारी विजेची घंटी त्याच दशकात बनवली होती. १९५२ साली ४४ पौंडांचा कार्प पकडून विक्रम करणारा हाच वॉकर. त्याला कुणी लबाड म्हणत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "घंटी मासा आल्यावर वाजते ना? येण्याआधी नाही ना?"

भाऊजींचं म्हणणं आणखी मागे जातं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं मानसोल्लास लिहिला, त्यात गळाच्या खेळावर अख्खं प्रकरण आहे, मत्स्यविनोद. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यावर १९५१ साली सविस्तर लेख लिहिला. माशांचे प्रकार, त्यांचं खाणं, दोरी कशाची, काठी कशी हे सगळं त्या प्रकरणात आहे, आणि माशांना आधी चारा घालून त्या जागेची सवय लावणंही आहे. "राजाच्या पदरी नोकर होते," भाऊजी म्हणतात, "ते चारा घालून मासे एका जागी आणून ठेवायचे. माझ्याकडे नोकर नाहीत, बॅटरी आहे. फरक काय?" फरक आहे असं वाटतं, पण चटकन सांगता येत नाही.

सांगता आला तो अमेरिकेतल्या भांडणावरून. तिथे बास नावाच्या माशाच्या बक्षिसांच्या मोठ्या स्पर्धा होतात. २०१८ साली गार्मिन कंपनीनं लाइव्हस्कोप आणलं. या जातीचं सोनार होऊन गेलेलं दाखवत नाही. समोरच्या पाण्यात आत्ता, या क्षणी मासा कुठे वळतोय आणि तुमचं आमिष त्याच्यापासून किती अंतरावर आहे ते चलचित्रासारखं दाखवतं. गळ मग तलावात टाकायचा नसतो, एका ठरावीक माशापुढे टाकायचा असतो. त्यावरून इतका गदारोळ झाला की २०२५ च्या हंगामात मेजर लीग फिशिंगनं आपल्या बास प्रो टूरमध्ये दिवसाच्या तीन टप्प्यांपैकी एकाच टप्प्यात ते वापरायला परवानगी ठेवली. बासमास्टर एलिट मालिकेनं एका नावेवर असं एकच यंत्र आणि सगळे पडदे मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगनं तर ते बंदच केलं. पंचावन्न इंच! आमच्या बैठकीतला टीव्हीही तेवढा नाही.

हे दादांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी भाऊजींचा मोबाइल हातात घेऊन बावडीभोवतीच्या बाभळी नीट बघून घेतल्या आणि यंत्राची किंमत विचारली. दर हंगामात त्यांची जाळी त्या बाभळीत अडकून फाटतात. फाटलेलं जाळं म्हणजे दिवसाची कमाई गेली आणि वर विणायचा खर्च. मासे पकडणं सोपं झालं तर त्यांचं काय बिघडतं? काहीच नाही, उलट बरंच. कालिदासाला उज्जैनचे लोक आपला गाववाला मानतात. त्याच्या शाकुंतलात हरवलेली अंगठी सापडते ती रोहिताच्या, म्हणजे आपल्या रोहूच्या पोटात, आणि ती सापडते एका गरीब कोळ्याला. शिपाई त्याच्या धंद्याची थट्टा करतात, तर तो त्यांना ठणकावून सांगतो की जन्मानं वाट्याला आलेलं काम टाकू नये. त्या कोळ्याला कुणी सोनार दिलं असतं तर आपण त्याला खेळाचे नियम सांगायला गेलो असतो का? पोटासाठी काम करणाऱ्याला सोपेपणाचा दोष लावायचा नसतो. सोपेपणाची तक्रार करायची चैन फक्त आमच्यासारख्या पकडून सोडून देणाऱ्यांची.

आणि उज्जैनमध्ये सगळ्यात सोपा मासा कुठला, हे पाहायला तलावावर जायची गरज नाही. रामघाटावर जा. कणकेच्या गोळ्या टाकल्या की पायरीपाशी माशांची झुंबड उडते, पाण्याबाहेर तोंडं येतात. घुंगरू नको, सोनार नको, ओंजळ पुरेल. तरी तिथे कुणी हात घालत नाही. नदी पवित्र, मासे नदीचे, एवढं कारण तिथे पुरतं. ते पाहिल्यावर मला काका-भाऊजींच्या भांडणाचं मर्म कळलं असं वाटतं. सोपं किंवा अवघड हे यंत्रातून येत नाही. काय करायचं नाही हे आपण ठरवतो, त्यातून येतं. काकांनी जाळं वापरायचं नाही असं ठरवलंय, म्हणून त्यांचा गळ हा खेळ आहे. पावसाळ्यातले दोन महिने ठरवलेत, म्हणून तलावात मासे आहेत. पंचावन्न इंचही कुणीतरी ठरवलेच.

म्हणून मी माझं मत दोघांना सांगून टाकलं आहे. तलाव दाखवणारं यंत्र मला चालेल. तळ, बांध, बाभळी, बावडी हे शिकायला माझ्यापाशी काकांसारखी वर्षं नाहीत आणि दादांसारखे वडीलही नाहीत. ते ज्ञान पडद्यातून आलं तर त्यात लाज नाही. मासा दाखवणारं यंत्र मला नको. आत्ता तो कुठे आहे आणि माझ्या कणकेपासून किती हात लांब आहे हे दिसायला लागलं की माशाकडे लपायला काही उरत नाही, आणि माझ्याकडे अंदाज करायला काही उरत नाही. त्यानंतर जे होतं त्याला पकडणं म्हणता येईल, खेळ म्हणता येणार नाही.

भाऊजींनी लगेच कोंडीत पकडलं: "वहिनी, एकाच पडद्यावर दोन्ही दिसतं. तळ बघताना मासा दिसला तर डोळे मिटून घेणार का?" बिनतोड प्रश्न आहे. त्यावर तोडगा निघाला तो असा: सकाळी आधी एक फेरी चेंडूची, काठाकाठानं, जेवढं बघायचं तेवढं बघून घ्यायचं. काठ्या लावल्या की चेंडू डब्यात, मोबाइल काकांच्या पिशवीत. मासा दुपारी कुठे जाईल, काय खाईल, खाईल की नाही, ते त्याचं त्याच्याकडे.

काकांनी हा तोडगा मान्य केला, पण अट घातली की पहिल्या फेरीत ते पाठ फिरवून बसणार. भाऊजींनी मान्य केला, पण पुढच्या सुटीत लाइव्हस्कोपची किंमत विचारून येतो असं बजावून. मी अजून वारा आणि मासा यांचं घुंगरू वेगळं ओळखू शकत नाही. तेवढं जमलं की मग बघू, पडद्याची गरज किती उरते ते.